आतून गेलेला आकडा

धोंडिबा गमऱ्यांची शीला कॉम्प्युटर इंजिनिअर झाली तेव्हा विठ्ठलवाडीच्या चाळीत पेढे वाटले गेले आणि विहारात तिचा सत्कार झाला. सत्काराच्या वेळी धोंडिबा मागच्या रांगेत, चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिले. पुढे या म्हणून दोघा-तिघांनी खुणावलं, पण ते हलले नाहीत. सगळी हयात त्यांनी अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात काढली होती. साहेब लोक बसतात तिथे आपण पुढे व्हायचं नाही, ही सवय अंगात इतकी मुरली होती की लेकीच्या कौतुकालाही ते पुढे झाले नाहीत. घरी आल्यावर मात्र बायकोला, जनाबाईंना म्हणाले, "पोरगी बोलली चांगलं. एक शब्द फालतू नाही."

शीला होतीच तशी. मोजकं बोलायची आणि बोललेलं पाळायची. तिच्याबरोबरची पोरं-पोरी पुण्याला, बंगलोरला गेली. तिला आईचा दमा सोडून लांब जाता येईना, म्हणून तिने उल्हासनगरात कॅम्प पाचला हरेश सरांच्या फर्ममध्ये नोकरी धरली. खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर फर्मच्या दोन खोल्या. दिवसभर पायाखालची फरशी शिलाई मशिनींनी थरथरत असायची. पहिले काही दिवस शीलाला वाटायचं, आपल्यालाच कापरं भरलंय. मग सवय झाली.

हरेश सर मूळचे दुकानदारांना बिलिंगची सॉफ्टवेअर विकणारे. माणूस गोड बोलणारा, पोटाला चिमटा काढून धंदा वाढवलेला. अंबरनाथ पूर्वेच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्याचं काम त्यांना मिळालं तेव्हा त्यांनी ते शीलाच्या पुढ्यात ठेवलं. "ये अपना टिकट है, शीला. हे नीट झालं तर दुकानांची बिलं करायला लागणार नाहीत."

काम असं होतं. कारखान्यात रंगाचा कच्चा माल तयार व्हायचा. मोठमोठ्या रिॲक्टरमध्ये ॲसिड तापवायचं आणि त्यात ठरावीक पावडर ठरावीक वजनाने सोडायची. आधी हे सगळं माणसं हाताने करत. आता ऑपरेटरने काचेच्या खोलीत बसून स्क्रीनवर आकडा टाकायचा आणि प्रोग्रामने तेवढा माल सोडायचा, असं ठरलं. पावडर जास्त पडली तर आतलं ॲसिड भडकून उकळतं, हे कारखान्याच्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे आकडा तपासणं हेच या कामातलं खरं काम होतं.

प्रोग्रामात प्रत्येक काम एका मेथडकडे सोपवलेलं असतं. माल सोडणं हे एक काम, त्याची एक मेथड. तिला हाक मारताना सोबत सांगावं लागतं: कुठला रिॲक्टर, कुठला माल, किती किलो. यांना पॅरामीटर म्हणतात. मेथड आज्ञाधारक असते. तिला तीस सांगा, ती तीस सोडेल. तीनशे सांगा, तीनशे सोडेल. म्हणून हातात आलेला आकडा आधी पारखून घ्यायला तिलाच शिकवावं लागतं. कारखान्यासाठी आधी अर्धवट प्रोग्राम लिहून गेलेल्या माणसाने ते प्रत्येक मेथडच्या तोंडाशी हाताने लिहून ठेवलं होतं. चाळीसपेक्षा जास्त असेल तर थांब, शून्य असेल तर थांब, रिकामं असेल तर थांब. अशा ओळी ढिगाने होत्या, एकीकडून उचलून दुसरीकडे चिकटवलेल्या. कारखान्याने एखादी मर्यादा बदलली की शीला आणि तिचा ज्युनिअर आकाश आठवडाभर त्या ओळी हुडकत बसायचे, आणि तरी एखादी निसटायचीच.

जावा नावाच्या ज्या भाषेत हे प्रोग्राम लिहितात, तिच्या नव्या आवृत्तीत ॲनोटेशन नावाची सोय आली होती. शीलाने त्यावर रविवार घालवले. पॅरामीटरच्या शेजारी एक छोटीशी खूण लिहायची: किमान इतकं, कमाल इतकं. आणि एकाच ठिकाणी एक राखण्या लिहायचा. कुठल्याही मेथडला हाक गेली की हा राखण्या मध्ये उभा राहणार, खुणा वाचणार, आकडे ताडून बघणार आणि बसत नसतील तर हाक परत पाठवणार. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटणार. मेथडच्या पोटात एकही तपासणी लिहायला नको. शीलाने त्या खुणेला नाव दिलं, मर्यादा. इंग्रजी नावांच्या गर्दीत ते एकटं मराठी नाव बघून आकाश हसला होता.

"मॅडम, क्लायंट विचारेल ये क्या है."

"विचारू दे. आपल्याला तर कळतंय ना?"

हरेश सरांना तिने डेमो दिला. पाचशे किलो टाकले, लाल अक्षरं. उणे दहा टाकले, लाल अक्षरं. रिॲक्टरचा नंबरच टाकला नाही, लाल अक्षरं. सरांनी खालून सगळ्यांसाठी लस्सी मागवली. त्या आठवड्यात शीलाने आणि आकाशने जुन्या हाताने लिहिलेल्या तपासण्या एकेक करून पुसून टाकल्या. घर झाडून काढल्यासारखं वाटत होतं. शीलाने आकाशला बजावलं, "आता इथे कुणी हाताने तपासणी लिहायची नाही. खूण लावा, बाकीचं राखण्या बघेल."

कारखान्यातल्या ऑपरेटरांना शिकवायलाही तीच गेली. त्यांच्यात भावेश होता. बदलापूरच्या पलीकडच्या गावचा, आगरी घरातला, आयटीआय झालेला, चोवीस-पंचवीसचा. बाकीचे ऑपरेटर स्क्रीनला बिचकत होते. भावेशने पुढे सरकून मुद्दाम नऊशे किलो टाकले आणि लाल अक्षरं आली तसा खूश झाला. "हे बरं आहे मॅडम. ही स्क्रीन आपल्याला चुकूच देत नाही."

"लाल अक्षरं आली की थांबायचं," शीला सगळ्यांना म्हणाली. "नाही आली तर बिनधास्त ओके दाबा."

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग कारखान्याने एक सोय मागितली. बऱ्याचदा मागच्याच बॅचसारखी बॅच पुन्हा काढायची असते, थोडी कमी-जास्त. प्रत्येक वेळी सगळे आकडे पुन्हा कशाला भरायचे? एक बटण द्या, मागच्या बॅचच्या किती पट तेवढं विचारा, आणि माल सोडा. काम छोटं होतं. शीलाने ते आकाशला दिलं.

आकाशने माल सोडणारी मेथड ज्या क्लासमध्ये, म्हणजे मेथडींच्या ज्या गटात होती, त्याच क्लासमध्ये तिच्याखाली नवी मेथड लिहिली. मागच्या बॅचचे किलो घ्यायचे, पटीने गुणायचे आणि वरच्या मेथडला हाक मारायची. लिहून झाल्यावर त्याने मान वळवून विचारलं, "मॅडम, पटीला पण मर्यादा लावू का?"

शीला फोनवर होती. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं बिल छापलं जात नव्हतं आणि तो तावातावाने बोलत होता. फोनवर हात ठेवून तिने आकाशच्या स्क्रीनकडे पाहिलं. माल सोडणाऱ्या मेथडवर, किलोच्या शेजारी, मर्यादेची खूण स्वच्छ दिसत होती.

"नको," ती म्हणाली. "पुढे किलोला आहेच. उगाच दोनदा कशाला?"

त्यांनी नवं बटण दाबून पाहिलं. दुप्पट टाकून पाहिलं, दीडपट टाकून पाहिलं. आकडे बरोबर आले. वेडावाकडा आकडा टाकून कुणीच पाहिलं नाही. वेड्यावाकड्या आकड्यांचा बंदोबस्त झालेलाच आहे, असं दोघेही धरून चालले होते.

अपघात झाला तो दिवस शनिवार होता. दुपारी जेवणाचा डबा उघडत असताना हरेश सरांचा मोबाइल वाजला. ते बोलत बोलत जिन्यात गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला होता.

"फॅक्टरी में हादसा हो गया. रिॲक्टर उडाला. एक माणूस गेला."

भावेशची पहिली पाळी होती. त्याला दीडपट बॅच काढायची होती. त्याने एक, टिंब, पाच दाबलं. पावडरीच्या धुळीने की-बोर्डाची बटणं जड झालेली असायची, त्यातलं टिंब उमटलं नाही. पंधरा पट गेलं. लाल अक्षरं आली नाहीत. त्याने ओके दाबलं. पावडर साठवायचा हॉपर नुकताच काठोकाठ भरलेला होता. थोड्या वेळाने तापमानाचा आकडा पळायला लागला तेव्हा त्याचं लक्ष गेलं. वर लोखंडी फलाटावर बबन नावाचा कामगार काम करत होता. भावेश त्याला हाका मारत जिना चढून गेला, हाताने व्हॉल्व्ह फिरवायला लागला. व्हॉल्व्ह अर्धा फिरला होता आणि झाकणाखालचं रबरी गॅस्केट फाटलं. उकळतं ॲसिड दोघांच्या अंगावर आलं. बबन हॉस्पिटलच्या वाटेवरच गेला. भावेश वाचला. त्याचे दोन्ही डोळे गेले.

हे सगळं शीलाला हळूहळू, तुकड्या-तुकड्याने कळलं. त्या दुपारी तिला एवढंच कळलं की तीनशे किलो माल पडला. ती म्हणाली, शक्य नाही. पोळीचा घास तसाच ठेवून तिने स्वतःच्या मशिनवर प्रोग्राम चालू केला. साध्या स्क्रीनवर तीनशे किलो टाकले. लाल अक्षरं आली. मग तिने नव्या बटणाची स्क्रीन उघडली. मागची बॅच वीस किलोची. पंधरा पट.

काहीच आलं नाही. प्रोग्राम म्हणाला, तीनशे किलो सोडले.

आकाश पाठीमागे उभा होता. "मॅडम, मर्यादा तर आहे तिथे. दिसतेय ना, ही बघा."

दिसत होती. शीलाला तेव्हाच कळलं. राखण्या क्लासच्या बाहेर उभा असतो. बाहेरून हाक आली की ती त्याच्यासमोरून जाते, तो ती अडवतो. पण एकाच क्लासमधली एक मेथड दुसरीला आतल्या आत हाक मारते, तेव्हा ती हाक त्याच्यासमोरून जातच नाही. खूण लिहिलेली राहते आणि ती वाचायला कुणीच नसतं. हे तिने वाचलेलं होतं. त्या रविवारांपैकी एका रविवारी, पानाच्या तळाशी, सूचनेसारखं. तेव्हा त्या क्लासमध्ये आतून हाक मारणारी एकही मेथड नव्हती, म्हणून तिने पान उलटलं होतं.

जुन्या, हाताने लिहिलेल्या, गबाळ्या ओळी असत्या तर त्यांनी तीनशे अडवले असते. त्या मेथडच्या पोटातच होत्या. हाक बाहेरून येवो की आतून, त्यांना फरक पडत नव्हता. त्या तिनेच पुसल्या होत्या.

सोमवारी कारखाना निरीक्षक फर्ममध्ये आले. वयस्क, थकलेला माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. त्याआधी हरेश सरांनी शीलाला आतल्या खोलीत बोलावून दार लोटलं.

"देख शीला, झूठ कुछ नहीं बोलना है. मी तुला खोटं बोल असं कधी सांगितलंय का? ते विचारतील, सॉफ्टवेअर लिमिट तपासतं का. लिमिट लिहिलेली आहे ना?"

"आहे, सर. पण..."

"बस. लिहिलेली आहे, ती दाखव. पण-बिण ते विचारणार नाहीत." मग ते खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ये बंद हो गया तो आकाशच्या घरी काय? तुझ्या आईचं औषध? मी उद्या कुठे जाऊ?"

निरीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. शीलाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि किलोच्या शेजारची खूण बोटाने दाखवली. किमान एक, कमाल चाळीस. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

"म्हणजे चाळीसच्या वर गेलं तर हे थांबवतं?"

"मर्यादा तिथे दिलेली आहे," शीला म्हणाली.

त्यांनी लिहून घेतलं. साध्या स्क्रीनवर तीनशे टाकून दाखवा म्हणाले, तिने दाखवलं. लाल अक्षरं आली. ते चहा न घेता निघून गेले. शीला एक शब्दही खोटा बोलली नव्हती. बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला आणि पाण्याचा आवाज ऐकत कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा होती, तरी माल जास्त पडला, याचा अर्थ ऑपरेटरने काहीतरी करून ती ओलांडली. कारखान्याने तसं म्हटलं, आणि पोलिसांनी हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या भावेशवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावला. एका छोट्या पेपरात त्याचं नाव आलं.

तो पेपर धोंडिबांनी वाचून घडी घालून ठेवला. "आमच्या वेळी पण असंच," ते म्हणाले. "काही झालं की पहिलं नाव कामगाराचं. मशिनला कोण बोलणार? ती तर साहेबाची असते."

शीला ताटावरून उठली. जनाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. भावेशला हॉस्पिटलमधून घरी सोडल्याचं कळलं तेव्हा तिने रजा टाकली आणि बदलापूरपलीकडे त्याच्या गावी गेली.

भावेशचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात भाताचे भारे पडलेले, त्यांना कुणी हात लावलेला दिसत नव्हता. त्याची आई काशीबाई उंबऱ्यात बसली होती. "कोन गो तू?" तिने विचारलं.

शीलाने नाव सांगितलं, कॉम्प्युटरवाली म्हणाली.

"कॉम्प्युटरच्या पायी माझे पोराचं डोलं गेलं," काशीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखी बोलली. "बस. त्याला आवाज दिल्याशिवाय जवल जाऊ नको. दचकतो."

भावेश आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. तोंडाची अर्धी बाजू आणि दोन्ही डोळे पट्ट्यांखाली. शीलाने नाव सांगताच तो सावरून बसला, जणू ट्रेनिंगच चालू होणार होतं.

"मॅडम, बरं झालं तुम्ही आलात. मला तुम्हालाच विचारायचं होतं." तो थोडा थांबला. "मी काय केलं?"

"म्हणजे?"

"सगळे बोलतात मशिनमध्ये चेक होता. इन्स्पेक्टरने बघितला. मग मी तो तोडला असणार ना? पण मला आठवतच नाही. मी किती वेळा डोक्यात तेच फिरवतो. आकडा टाकला. लाल अक्षरं आली नाहीत. तुम्ही सांगितलं होतं, नाही आली तर बिनधास्त ओके दाबा. मी दाबलं. त्याच्यामध्ये मी अजून काहीतरी केलं असणार, ते माझ्या डोक्यातून उडालंय." त्याने हात पुढे केला, मग काही न सापडल्यासारखा मागे घेतला. "बबनदादा माझ्या गावचा नाही, पण मला डबा द्यायचा. मी त्याला मारला आणि मला आठवत पण नाही. असं होतं का मॅडम?"

 त्याचे डोळे गेले होते आणि आता तो स्वतःच्या आठवणीवरचा विश्वासही सोडायला निघाला होता. त्याच्याकडे तेवढीच एक खरी गोष्ट उरली होती, आणि ती शीलाच्या एका बोट दाखवण्याने खोटी ठरली होती.

"तुम्ही काही केलं नाही," ती म्हणाली. "लाल अक्षरं यायला हवी होती. आली नाहीत. ते आमचं चुकलं."

 दारातून काशीबाईचा आवाज आला. "मग हे त्या इन्स्पेक्टरला का नाय सांगितलं?"

"घाबरले," शीला म्हणाली.

"आन् माझा पोर? तो नाय घाबरला. तो वर गेला."

 शीला उठली तशी काशीबाईने वाटेतून पायही बाजूला घेतले नाहीत. शीलाला ते ओलांडून जावं लागलं.

निरीक्षकांच्या ऑफिसात ती एकटी गेली. आदल्या दिवशी तिने हरेश सरांना सांगितलं होतं. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "आकाशचं नाव घेणार?"

"लिहिलं त्याने. पण त्याने विचारलं होतं, मी नको म्हणाले. मी तेच सांगणार."

"और मैं? मी तुला काय बोललो ते पण?"

"हो, सर."

हरेश सरांनी मान डोलावली. मग टेबलावरचे कागद सारखे करत बसले. सारखे झालेलेच कागद पुन्हा पुन्हा सारखे करत राहिले.

निरीक्षकांना समजावून सांगायला वेळ लागला. खूण म्हणजे काय, राखण्या म्हणजे काय, आतून हाक म्हणजे काय. ते वैतागले. "म्हणजे लिहिलेलं आहे पण वाचत नाही?"

"बाहेरून आलं तर वाचतं, साहेब. आतून आलं तर नाही."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं."

"वाचलेलं होतं."

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा पक्कं माहीत होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ते शीलाकडे ज्या नजरेने बघत होते, तशा नजरेने आयुष्यात तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "चला. चालवून दाखवा." तिने बरोबर आणलेल्या मशिनवर पंधरा पट टाकून दाखवलं. त्यांनी स्वतः एकदा टाकून पाहिलं. मग शंभर पट. प्रोग्रामने सगळं सोडलं.

भावेशवरचा गुन्हा मागे घ्यायला पुढे कित्येक महिने गेले. कारखान्याने निरीक्षकांच्या अहवालाला आव्हान दिलं, तारखा पडत राहिल्या. शेवटी त्याचं नाव सुटलं. त्या अहवालावरून मॅनेजर आणि हरेश सर यांच्यावर लागलेली केस चालूच राहिली. फर्म त्याआधीच बंद झाली होती. आकाशला गोरेगावला नोकरी लागली. एकदा कॅम्प पाचच्या नाक्यावर तो समोरून आला आणि शीलाला बघून औषधाच्या दुकानात शिरला. शीलाने चार-पाच ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. आधीची नोकरी का सुटली हे प्रत्येकजण विचारायचा आणि ती खरं सांगायची. मग फोन यायचा नाही. तिने अंबरनाथ पूर्वेला एका क्लासमध्ये पोरांना टायपिंग आणि टॅली शिकवायचं काम धरलं. प्रोग्राम पुन्हा कधी लिहिला नाही. जनाबाईंना वाटायचं, पोरगी कशाला एवढं खरं बोलली. धोंडिबा त्यावर काही म्हणत नसत. एकदाच म्हणाले, "पहिल्या दिवशी बोलली असतीस तर बरं झालं असतं." तेवढं बोलून त्यांनी विषय बंद केला, आणि ते वाक्य शीलाच्या मनात कायमचं राहून गेलं.

नाव सुटल्याचा कागद आला तेव्हा भावेशचा फोन आला. त्याला बबनच्या घरी जायचं होतं. इतके दिवस जायला तोंड नव्हतं, म्हणाला. आता जायचंय, पण नुसतं माझं कोण ऐकणार, तुम्ही या. काशीबाईला हे पसंत नव्हतं, पण तिने त्याला धुतलेला शर्ट दिला.

बबनची बायको विठा अंबरनाथला एका बैठ्या चाळीत राहायची. शीलाने भावेशचा हात धरून त्याला गटारावरच्या फरशीवरून पलीकडे नेलं. विठाने दोघांना आत घेतलं, सतरंजी टाकली. भावेशचं तोंड बघून ती नजर वळवून बसली.

भावेश म्हणाला, "वहिनी, मी मुद्दाम नाही केलं. मशिनने थांबवायला पाहिजे होतं. या मॅडम सांगतील."

शीलाने सांगितलं. इथे तिने खूण, राखण्या, आतली हाक यातलं काही काढलं नाही. आकडा तपासायची सोय होती, ती एका ठिकाणी चालत नव्हती, आणि दुसरी तपासणी लावू का म्हणून विचारलं तेव्हा मी फोनवर होते, मीच नको म्हणाले, एवढंच.

विठाने सगळं ऐकून घेतलं. बाहेर कुणीतरी नळावर बादल्या आपटत होतं.

"एक वर्ष मी ह्याला शिव्या घातल्या," ती शेवटी म्हणाली. "रोज. उठल्या-उठल्या. त्याच्यावर दिवस निघायचा माझा." तिने भावेशकडे पाहिलं, मग शीलाकडे. "आता तुम्हाला घालू? तुम्ही तर फोनवर होता. नको म्हणालात. एवढ्यानं माणूस मरतो का?"

शीला म्हणाली, "मेला."

विठा बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. भावेश पाणी मागावं की नाही अशा संभ्रमात बसला होता. ते ओळखून तिने उठून त्याच्या हातात तांब्या दिला, त्याची बोटं नीट तांब्याभोवती बसवली आणि तो प्यायला तोवर उभी राहिली.

"पोरं शाळेतून येतील," तांब्या परत घेत ती म्हणाली. "त्यांना हे तोंड दाखवायला नको. त्याच्या आत निघा."

शीलाने भावेशला उठवलं. उंबऱ्याशी त्याचा पाय अडखळला तेव्हा विठाने मागून त्याचा खांदा धरला, तो सावरल्यावर सोडला, आणि दार लावून घेतलं.